कैचीताईंची पात्रं

गोष्टीतलं कोणतं पात्र म्हणजे लिहिणारी स्वतः आहे, हे कैचीताई पहिल्या पानावरच ओळखत. त्या चुकल्याचं मला आठवत नाही.

टीव्हीवरची पोलीस ठाण्याची एक मालिका अर्ध्यातच बंद पडली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी मोबाइलवर गट करून पुढच्या गोष्टी आपल्या मनाने लिहायला घेतल्या. याला फॅन फिक्शन म्हणतात, हे मला ताईंनीच सांगितलं. कुणी मराठीत लिही, कुणी हिंदीत. ताई सगळ्यांच्या गोष्टींची काटछाट करून परत पाठवत, म्हणून त्या कैचीताई. त्या माझ्याच गावात, भिलाईत, सेक्टर दोनमध्ये राहतात असं कळल्यावर मी जुनवानीहून स्कूटी काढून त्यांच्याकडे गेले. स्टील प्लांटमध्ये क्लार्क होत्या, निवृत्तीला आलेल्या. प्लांटच्या क्वार्टरमध्ये एकट्याच.

त्या वर्षी माझी आई गेली होती. माझ्या गोष्टीत मी ठाण्यात एक नवी इन्स्पेक्टर आणली होती, इरा. तिचा नेम चुकत नसे, गळा गोड होता, सगळं ठाणं तिच्यावर जीव टाकायचं. आणि ती कितीही उशिरा घरी आली तरी आई तिच्यासाठी जेवायची थांबलेली असायची.

गोष्ट वाचून ताईंनी चष्मा काढला. "हे तूच होय नं?"

"नाही ताई."

"मंग हे पोरगी कुठी चुकत कावून नाही? पात्राले आपली साडी नेसवली का ते आपल्यावानीच चालते, पोरी. तिले तिची साडी घेऊ दे."

मला रडू आलं. आईला काढून टाकायला सांगतील असं वाटलं. ताईंनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आई राहू दे. पण ते इराची आई पाहिजे. हे बाई पोरीशी कशावरून भांडते, ते सांग."

माझी आई कधीच भांडत नसे. त्यामुळे मला खरोखरच दुसरी आई शोधावी लागली. पोरगी ड्यूटीवर जाऊ नये म्हणून तिचे बूट तांदळाच्या पिंपात लपवणारी. ते वाचून ताई मोठ्याने हसल्या. "आता झाली वेगळी!" आई गेल्यापासून आईवर काही लिहिताना मी पहिल्यांदाच रडले नव्हते.

त्यानंतर बहुतेक रविवारी मी जाऊ लागले. त्यांच्या स्वतःच्या गोष्टींत तीन लग्नं केलेली हवालदारीण होती, रेडिओ दुरुस्त करणारा चोर होता, ठाण्यात झोपायला येणारा ट्रक ड्रायव्हर होता. एकदा मी विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कुठीच नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभर माह्या संग मीच तं राहून राहिली. गोष्टीत अजून काहाले?"

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. त्या गोंदियाला भाच्याकडे गेल्या. भाच्याचं घर भरलेलं. लिहायला कोपरा मिळत नाही, असं त्यांनी एकदा कळवलं. मग त्यांचे निरोप विरळ होत गेले. एका दुपारी त्यांच्याच नंबरवरून भाच्याचा निरोप आला: आत्या गेली.

मी गटात कळवलं. रायपूरच्या एका मुलीने हिंदीत विचारलं, "दीदी कैसी थीं? हमने तो कभी देखा ही नहीं."

उत्तर द्यावं म्हणून मी ताईंच्या सगळ्या गोष्टी पुन्हा वाचल्या. त्यांच्यासारखं कुणीतरी सापडेल, तेवढाच परिच्छेद पाठवू, असं वाटलं होतं. पण त्या गोष्टींत एकटं राहणारं कुणी नव्हतं. एकटं जेवणारं नव्हतं. कुणाची वाट पाहणारं नव्हतं. ताईंनी स्वतःला इतकं नीट कापून काढलं होतं की धागासुद्धा राहिला नव्हता.

शेवटी मी पाहिलेलं तेवढंच लिहिलं. मी निघाले की ताई फाटकापर्यंत येत. मी स्कूटी सुरू केली की त्यांना हमखास काहीतरी सांगायचं आठवे. मग मी स्कूटी बंद करत असे.