माझ्या सायकलची टक्

चाकणच्या कंपनीत गाड्यांमधले नको ते आवाज शोधायचे, हीच माझी नोकरी. डॅशबोर्डमागे मुंगी शिंकली तरी मला ऐकू येते, असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो. त्यामुळे माझीच सायकल पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ करायला लागली आणि महिनाभर कारण सापडेना, तेव्हा अब्रूचा प्रश्न झाला.

शेवटी एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून, स्टॉपवर लावलेली सायकल घेऊन लपतछपत कासारवाडीच्या सायकलवाल्या चाचांकडे गेलो. तर नेमका आमच्याच खात्यातला देशमुख तिथे पंक्चर काढून घेत बसलेला!

चाचा सायकलला आधी हात लावतच नाहीत. डॉक्टरसारखं विचारतात, “कधी येतो? कोण बसल्यावर येतो?” मग डोळे मिटून त्यांनी पेडल फिरवलं. आवाज नाही. स्वतः चक्कर मारून आले. तरी नाही.

“आता तुम्ही बसा, साहेब.”

मी बसलो. टक्! चाचा वाकून माझ्या शेजारून चालत राहिले, मग मला थांबवलं आणि माझ्या सेफ्टी शूजची लोंबती नाडी बुटात खोचली. तिचं टोक दर फेऱ्याला पेडलच्या दांड्यावर आपटत होतं.

“काय निघालं, चाचा?” देशमुख ओरडला.

चाचांनी पाना घेऊन घट्ट पेडल उगाचच आवळलं.

“पेडल ढिलं होतं. साहेबांनीच पकडलं, मी फक्त आवळलं.”

मग मीही निर्लज्जपणे देशमुखला ‘पेडल ढिलं का होतं’ यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. चाचा पाना हातात धरून, नव्यानेच धंदा शिकत असल्यासारखे, ते ऐकत उभे होते.