न गायलेलं कडवं

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणाच्याही बोलण्यावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. त्यात आमचं घर बौद्ध... नवस, अंगारे-धुपारे आजोबांनीच दाराबाहेर काढलेले. भुताची गोष्ट कुणी सुरू केली की मी "पुरावा काय?" असं विचारून मजा घालवणारा माणूस. तरी हे लिहितोय, कारण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं घर पुण्यात, बिबवेवाडीत. आई, म्हणजे सुमन, विहारात गायची आणि गाणी स्वतःच रचायची. हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी एक बरा कॉम्प्युटर आणि माइक घेतला आणि तिची गाणी रेकॉर्ड करायला लागलो. धायरीत मित्राचा रिकामा फ्लॅट होता, त्याच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या की झाला स्टुडिओ. सगळी गाणी झाली, पण शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला तिचा आवाज बसला. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. नेमकं ते 'म्हणे सुमन'वालं कडवंच राहिलं. "राहू दे रे, बरं वाटलं की गाते," म्हणाली. तोपर्यंत म्हणून मी त्या जागी बासरी टाकली.

आवाज बसला तो बसलाच. घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं, गळ्याला छिद्र, त्यातून श्वास. त्यानंतर आई बोलायची ती फक्त ओठांनी. काही महिन्यांत आजार परत उलटला आणि डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं — बुद्धपौर्णिमेला तिची सीडी विहारात वाजली पाहिजे, आणि ती ऐकायला आई असली पाहिजे.

मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र केलेल्या फायली, तयार होते, राहिलं होतं मास्टरिंग, म्हणजे गाण्यावरचा शेवटचा हात. ते कोथरूडचे गद्रे नावाचे इंजिनिअर करणार होते. त्यांची अट एकच, मिक्सवर लिमिटर नको. लिमिटर म्हणजे आवाज वर उसळला की त्याचं डोकं दाबणारं सॉफ्टवेअर. गाणं मोठं वाटतं, पण गळ्यातले चढ-उतार छाटले जातात. आणि आमच्या मंडळाच्या पोरांना तर जयंतीला स्पीकरच्या भिंतीवर गाणी दणदणीत हवी होती, म्हणून मी सगळ्या फायली लिमिटर कचकचून लावूनच काढल्या होत्या. मूळ प्रोजेक्ट उघडायचा, लिमिटर बंद करायचा, पुन्हा फायली काढायच्या. बस, एवढंच काम. उघडायला गेलो तर हार्ड डिस्क मेलेली.

डिस्क घेऊन कॉम्प्युटरवाल्यांची अख्खी तपकीर गल्ली पालथी घातली. सगळ्यांनी हात वर केले. ज्या गळ्यातून पुन्हा काही येणार नव्हतं, त्याचं आता हे चेचलेलं रूपच काय ते शिल्लक होतं. आईला सांगावं तर लागणारच होतं. तिने ऐकून घेतलं आणि ओठांनी एवढंच विचारलं, "नाव?"

ते कडवं गायचं राहिलंय, हे ती विसरली होती की काय, कोण जाणे. मी "आहे, आहे" म्हणालो आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

मग बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं केलं. त्याच चेचलेल्या फायलींचा आवाज कमी करून नवी सीडी राइट केली. यात काही राम नाही हे मलाही कळत होतं. गद्रेंना फोनवर खरं ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "अहो, करपलेली पोळी ताटात लांब ठेवली म्हणून करपलेली राहत नाही का? असो, आणा." आईने माझा शर्ट धरला, तिलाही यायचं होतं. दुपारी रिक्षाने गेलो.

गद्रेंनी आधी शेवटचंच गाणं उघडलं. घरी याच फाइलच्या आवाजाची रेघ मी निघताना पडद्यावर पाहिली होती — कात्री मारलेल्या मेंदीच्या कुंपणासारखी, वरून सपाट. इथे पडद्यावर नीट उंचवटे दिसत होते, उसळायला भरपूर जागा होती.

"लिमिटर नाहीच की. उगाच रडत होतात," गद्रे म्हणाले.

गाणं पुढे गेलं. आई प्रत्येक ओळीला ओठ हलवत होती. बासरीची जागा आली... आणि बासरी वाजलीच नाही. आईचा आवाज आला. बसलेला नाही, खणखणीत. म्हणे सुमन — पूर्ण कडवं.

आईचे ओठ मिटले होते. तिने माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला, छिद्राच्या वर, जिथे आता काहीही उरलेलं नव्हतं. गळा थरथरत होता. तान वर गेली की जोरात, दोन ओळींच्या मध्ये शांत. कडवं संपलं तसं तेही थांबलं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि हात काढवतही नव्हता.

गद्रेंनी विचारलं, हे कडवं कधी रेकॉर्ड केलंत? मी आईकडे पाहिलं. ओठांनी ती म्हणाली, "आत्ता."

गद्रेंना ते कळलं नाही. मला कळलं.

पौर्णिमेला सीडी विहारात वाजली. आईने खुर्चीत बसून सगळी ऐकली. पुढची पौर्णिमा तिने पाहिली नाही. मी गद्रेंना दिलेली ती मूळ सीडी अजून माझ्याकडे आहे. कुठल्याही मशिनवर लावा, फाइल सपाटच दिसते आणि त्या जागी बासरीच वाजते. मास्टर झालेल्या सीडीवर मात्र आईचं नाव आहे, तिच्याच आवाजात. डॉक्टर म्हणाले, गळा स्पीकरच्या आवाजाने थरथरला असेल. मग ओळींच्या मध्ये ढोलकी चालूच होती, तेव्हा का थांबत होता?

मला आजही काही स्पष्टीकरण सापडलेलं नाही. लोक म्हणतात, आईलाच विचारायचं होतं. विचारलं होतं की. तिने सांगितलंही. मलाच ते अजून पचत नाही.