महागाच्या गोळ्या

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. माझा नवरा फौजेतून सुटून उल्हासनगरात एका सोनाराच्या दुकानावर राखणीला लागला होता. आम्ही अंबरनाथला, बुवापाड्यात राहायचो. रिव्हॉल्व्हर सेठचं, लायसन्सवर राखणदार म्हणून नाव ह्यांचं. गोळ्या दोन जातींच्या. सरावाला साध्या, शिशाच्या, हात काळे करणाऱ्या. कमरेला मात्र बाहेरदेशच्या, टोकाला खळगा असलेल्या. त्या अंगात शिरून तिथेच थांबतात, आरपार जाऊन मागच्या गिऱ्हाइकाला लागत नाहीत, असं हे सांगायचे.

दर वर्षी हे सेठला म्हणायचे, "ह्यातल्याही दोन-चार उडवून बघू द्या. झटका वेगळा बसतो, हाताला कळायला हवं." सेठ हसायचा. "फौजी, शादी का सूट पहन के कोई झाडू मारता है क्या?" झालं. उडायच्या त्या साध्याच, आणि त्यातली एकही कधी फुसकी निघाली नाही.

महागाच्यांचे दसऱ्याला लाड बघावेत. तराजूशेजारी ताटात मांडून हळदकुंकू, झेंडू. वर चकाकी राहावी म्हणून सेठ स्वतः एकेक गोळी तेलात बुडवून पुसायचा. हेही हात जोडून उभे. त्या हात जोडण्याचा मला आजही संताप येतो.

मग एका दुपारी दोघे चाकू घेऊन दुकानात शिरले. ह्यांनी चाप ओढला. नुसतं खट्. पुन्हा ओढला, पुन्हा खट्. तोवर ह्यांच्या दंडात चाकू बसला होता. सोनं गेलं, रिव्हॉल्व्हरही हिसकावून नेलं, ते कधी सापडलंच नाही.

बाजारभर झालं, फौजी घाबरला, त्याने गोळीच चालवली नाही. आमच्या पाड्यातसुद्धा लोक तोंडावर गोड बोलायचे नि पाठीमागे हसायचे. मेल्यांनो, तुमच्या पोटाला लागू दे चाकू, मग बघते. जेवणाचं ताट तसंच ठेवून हे भिंतीकडे बघत बसायचे.

कल्याणच्या एका बंदुकवाल्याने सांगितलं, तेल आत मुरलं की गोळीतली दारू मरते. ते ऐकलं नि मी ह्यांना ओढतच सेठकडे नेलं. त्याच डबीतल्या, त्याच तेलातल्या काही गोळ्या अजून त्याच्या कपाटात होत्या, नव्याने घेतलेल्या रिव्हॉल्व्हरशेजारी. हे म्हणाले, "सेठ, चार माणसांसमोर ह्यातली एक चालवून बघा. एवढंच मागतो."

सेठने डबी उघडली, बघितली, झाकण लावलं.

"नहीं फौजी, महंगी हैं. नए आदमी को लगेंगी."