खुर्चीखालचे ठोकळे

सुतारकाकांनी हौसेने घेतलेली जुनी खुर्ची विकायला काढली, पण तिच्या पायांखालचे लाकडी ठोकळे बघून व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. "अहो काका, एवढ्या नामांकित डिझायनरची खुर्ची, आणि तिला हे काय लावून ठेवलंत?"

"बायकोचे गुडघे गेले होते," काका गुरकावले. "या बुटक्या खुर्चीतून तिला उठता येईना, म्हणून दरवर्षी अर्धा इंच वाढवत गेलो. तुमचा डिझायनर येणार होता का तिला हात द्यायला?"

"ठोकळे काढा, तरच घेतो," म्हणून व्यापारी टेम्पो आणायला गेला.

ठोकळे चिकटवलेला सरस इतका पक्का बसला होता की काकांनी स्वतःच्याच कामाला शिव्या घातल्या. शेवटी एकदाची खुर्ची पूर्वपदावर आली. निरोपाचं म्हणून ते तिच्यात टेकले. उठायला गेले, तर त्यांच्याच गुडघ्यांनी हात टेकले. "अगं, जरा..." अशी स्वयंपाकघराकडे हाक गेली आणि त्यांनी जीभ चावली. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

व्यापारी परतला. खुर्चीतच अडकलेल्या काकांनी हात पुढे केला.

"देतो हो, पळून चाललोय का?" असं हसत म्हणून त्याने त्या हातावर नोटा ठेवल्या.