परकं तेल आणि एक पुण्णाक्क

घंटा लवकर वाजली होती. हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. बोलायला प्रत्येकाला सात मिनिटं ठरली होती. माझी सहासुद्धा पुरती झाली नव्हती, तेवढ्यात हेडमास्तरांनी पूजेची घंटा हलवली. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, त्यांच्या हातात घंटा होती. ज्याच्या हातात घंटा, त्याचीच वेळ खरी.

तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझा तेलाचा घाणा होता. माझा म्हणजे माझाच. नवरा सरकारी कचेरीत कारकून. माणूस इतका गोड बोलणारा, की त्याने कुणाचा अर्ज नाकारला तरी तो माणूस आभार मानून जायचा. सासरचं जे होतं ते वाटण्यांत विरघळलं होतं. मी तिरुवैयारूच्या एका म्हाताऱ्याकडून त्याचा पडून राहिलेला लाकडी घाणा घेतला. तीन दिवस घासाघीस केली. तिसऱ्या दिवशी त्याने बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळही वर दिली आणि म्हणाला, ‘अम्मा, आता जा, मला जेवायचंय.’ आमच्या मराठी घरांतल्या बायकांनी आधी नाकं मुरडली, मग हळूच तेलाच्या बाटल्या पाठवायला सुरुवात केली. पुढे मी घाण्याला विजेची मोटर बसवली, आणि वीज जायला लागल्यावर डिझेलचं इंजिन.

मराठी लिहायला-वाचायलाही मी घाण्यामुळेच शिकले. आमच्याकडे मराठी बोलतात सगळे, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहितात. गावचा तीळ कमी पडला की मी सोलापूरकडून मागवायची, आणि तिथल्या व्यापाऱ्यांची पत्रं यायची. ती दुसऱ्याकडून वाचून घेतली तर भाव गल्लीभर व्हायचा.

तिळाच्या तेलाला तमिळमध्ये नल्लेण्णै म्हणतात, म्हणजे चांगलं तेल. नावातच निकाल लागलेला. त्यामुळे मला कधी जाहिरात करावी लागली नाही. मग देशाचा बाजार खुला झाला आणि बंदरावरून पामोलिन आलं. पाण्यासारखं पातळ, वास नाही, चव नाही, स्वस्त. चकचकीत डब्यांतून ते मोठ्या बाजारात रचलेलं दिसायचं. मी येता-जाता त्या डब्यांकडे सवतीकडे बघावं तसं बघायची.

खरा प्रश्न रामनवमीचा होता. आमच्या समाजाची एक सभा आहे. पाडव्यापासून नवमीपर्यंत तिचा उत्सव चालतो. रोज संध्याकाळी दिव्यांच्या रांगा, आणि शेवटी समाराधना, म्हणजे सगळ्या मराठी घरांची पंगत. दिव्यांचं आणि कढईचं तेल दर वर्षी माझ्या घाण्याचं. त्या वर्षी मोठ्या बाजारातल्या एका डबेवाल्याने सभेला पामोलिन देऊ केलं, वर मांडवही घालून देतो म्हणाला. सभेचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. मी विचारायला गेले तर ते म्हणाले, ‘बघू.’ आमच्या हेडमास्तरांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, फक्त थोडं उशिरा पोचणारं. समाराधनेच्या कढईत जे तेल जातं तेच पुढे वर्षभर गल्लीतल्या घरांत जातं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. ती कढई गेली की माझी निम्मी गिऱ्हाइकं जाणार होती.

त्या दिवसांत तेलाशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. आखातातलं युद्ध होऊन गेलं होतं, रॉकेलच्या रांगा लोक विसरले नव्हते. कुणा पुढाऱ्याने जाहीर सभेत तेल विकणाऱ्या देशांना खडे बोल सुनावले होते. आपल्या देशालाही सोडलं नव्हतं. अर्धं गाव म्हणे, शाबास, कुणीतरी तोंड उघडलं. उरलेलं अर्धं म्हणे, ज्याच्याकडे हात पसरायचा त्याला असं बोलतात का? आमच्याच खोऱ्यातल्या भातशेतांत तेव्हा तेल शोधणारे उंच मनोरे उभे होते. पंक्चर काढणारासुद्धा चाकात हवा भरता भरता सांगायचा, की ते पूर्ण खोल गेले की आपण कुणाचं ऐकायचं कारण नाही.

म्हणून पाडव्याआधीच्या रविवारी सभेने पट्टिमंड्रम ठेवलं. ही तमिळ लोकांची रीत. दोन पक्ष भांडतात, मध्ये एक जाणता बसतो, तो शेवटी निकाल देतो. तीनशे वर्षं इथे राहून आम्ही त्यांना सांबार दिलं आणि त्यांच्याकडून हे घेतलं. व्यवहारात कोण फसलं ते सांगता येत नाही. विषय होता: ‘परक्याच्या तेलावर चालणाऱ्या देशाने गोड बोलावं की रोखठोक?’ आणि एक अट होती. बोलायचं फक्त मराठीत. तमिळ शब्द आला की घंटा.

निकाल द्यायला हेडमास्तरच बसणार होते. पक्ष चिठ्ठ्या टाकून ठरले. नवऱ्याच्या वाट्याला ‘गोड’ आलं, माझ्या वाट्याला ‘रोखठोक’. चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तरी हेच झालं असतं.

तो आधी बोलला. पांढरा सदरा, हात मागे बांधलेले. ‘ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचं, त्याच्या दारात उभं राहून घसा खाकरू नये,’ म्हणाला. ‘आपली विहीर खणून होऊ दे. शेतातल्या मनोऱ्यांना पाणी लागू दे, म्हणजे तेल लागू दे. मग खाकरू. तोवर गोड बोलू. गोड बोलायला तेल लागत नाही.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होते, वेळेवर आठवलं.

मग मी उठले. नोटिशीत ‘तेल’ एवढंच लिहिलं होतं, कुठलं ते लिहिलं नव्हतं. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि मुद्दाम कुणाला विचारलं नव्हतं.

‘देशाचं राहू द्या,’ मी म्हणाले, ‘आधी या सभेच्या कढईचं बोला. गावात तीळ पिकतो, गावात घाणा आहे, आणि आपल्या रामाच्या नावाने वडे तळायला तेल जहाजातून यायचंय! आणि हे तोंडावर कुणी बोलायचं नाही, का तर डबेवाला मांडव घालून देतोय!’

‘बाई,’ हेडमास्तर म्हणाले, ‘विषय पेट्रोलचा आहे.’

‘नोटिशीत तेल लिहिलंय, सर. तुम्ही पेट्रोलमध्ये वडे तळणार असाल तर मी खाली बसते.’

सभागृह हसलं. पुढच्या रांगेत एक म्हाताऱ्या आत्या बसायच्या, सगळ्या गल्लीच्या आत्या. त्या ओरडल्या, ‘बोल गं, बोल! अस्कं बोलून टाक!’ अस्कं म्हणजे सगळं. हा शब्द पुण्या-मुंबईकडे कळत नाही म्हणतात, आमच्याकडे तो जिवंत आहे आणि आत्यांच्या तोंडी तर फारच. मी चढले. आमच्या पामोलिनचा, आमच्या ‘बघू’चा, आमच्या मऊ बोलण्याचा चांगला समाचार घेतला. हेडमास्तरांचे कान लाल झाले. एव्हाना कढई जवळजवळ माझ्या हातात आली होती.

तेवढ्यात नवऱ्याने हात वर केला. विरुद्ध पक्षाला एक शंका विचारता येते, असा नियम होता.

‘एकच शंका,’ तो नेहमीच्या लोणकढ्या आवाजात म्हणाला. ‘वीज गेली की बाईंच्या घाण्याचं इंजिन कशावर चालतं?’

सगळं सभागृह हशाने फुटलं. कारण माझ्या इंजिनाचा धूर सगळ्या गल्लीला माहीत होता. वाळत घातलेल्या साड्यांना डिझेलचा वास यायचा, आणि त्यावरून मला घराघरातून बोलणी बसत. परकं तेल नको म्हणणारी मी, आणि माझं नल्लेण्णै निघत होतं परक्या तेलावर.

मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘पुण्णाक्क!’

पुण्णाक्क म्हणजे तेल गाळून झाल्यावर घाण्यात जे उरतं ते. गुरं खातात. पण तमिळमध्ये माणसाला पुण्णाक्क म्हटलं की अर्थ वेगळा होतो. ज्याच्यातलं सत्त्व आधीच निघून गेलंय असा. भर सभेत, स्वतःच्या नवऱ्याला.

घंटा वाजली. पुढे उरलेली मिनिटं मला मिळालीच नाहीत.

‘मागे घ्या,’ हेडमास्तर म्हणाले. ‘व्यासपीठावर शिवी?’

‘शिवी कसली? माझ्या घाण्याचा माल आहे. तुमच्या घरची गाय रोज खाते.’

‘मग तमिळ शब्द आहे. नियमाने तरी मागे घ्या.’

आता माझ्यातला व्यापारी जागा झाला. शब्द फुकट परत का द्यायचा? बदलून देऊ. ‘बरं,’ मी म्हणाले, ‘तमिळ नको ना? मराठीत सांगते. यांचं म्हणणं पेंड आहे!’

सभागृहात कुजबूज सुरू झाली. पेंड हा शब्द तिथे कुणालाच माहीत नव्हता. आमच्या घरांतून तो केव्हाच गेला होता, मला तो सोलापूरच्या पत्रांतून भेटला होता. मुलांनी आयांना विचारलं, आयांनी माना खाली घातल्या. आत्यांनी तर पदर तोंडाला लावला. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘हे तर त्याहून वाईट दिसतंय,’ ते म्हणाले. ‘दोन्ही मागे घ्या.’

आयुष्यभर मी भाव पाडत आले. एकाचे अर्धे केले, अर्ध्याचे पाव. त्या दिवशी एक शब्द कमी करायला गेले आणि माझ्या नावावर दोन चढले. मी काहीही मागे न घेता व्यासपीठावरून उतरले. निकाल ‘गोड’ पक्षाच्या बाजूने लागला. निकाल सांगताना हेडमास्तर तीनदा ‘पॉइंट’ म्हणाले. घंटा एकदाही वाजली नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याच्या पानात भात वाढला आणि तोंड फिरवून बसले.

‘मी तुला दार उघडून दिलं होतं,’ तो म्हणाला.

‘कसलं दार?’

‘इंजिन कशावर चालतं विचारलं. तू म्हणायचं होतंस, इंजिन बंद करते, बैल जुंपते. लाकडी घाणा आहेच. बैल खातो काय? पुण्णाक्क. पुण्णाक्क खाऊन घाणा ओढतो, घाण्यातून तेल निघतं आणि पुन्हा पुण्णाक्क. बाहेरून थेंब आणायला नको. असलं उत्तर कुठल्या देशाकडे नाही. शब्दसुद्धा बरोबर होता तुझा. फक्त माझ्यावर फेकलास.’

मी न मागता त्याच्या पानात आणखी भात वाढला. हे असं माझ्या बाबतीत होत नाही.

‘मग आधी सांगायला काय झालं होतं?’

‘विरुद्ध पक्षात होतो की,’ तो म्हणाला, आणि ताक मागितलं.

सोमवारी सकाळी मी पहिल्या बसने तिरुवैयारूला गेले आणि त्याच म्हाताऱ्याकडून आठ दिवसांसाठी बैल मागितला. मला दारात पाहिल्याबरोबर त्याने पहिल्या बोलीलाच होकार दिला. दुपारपर्यंत इंजिन गोणपाटाखाली होतं आणि अंगणात घाणा कुरकुरत फिरत होता. जुनी घुंगुरमाळ मी मुद्दाम घातली होती, आवाज हेडमास्तरांच्या ओसरीपर्यंत जावा म्हणून. सगळी गल्ली बघायला आली. धूर नाही, फक्त तिळाचा वास. आत्यांनी बैलाला कुंकू लावलं.

संध्याकाळी हेडमास्तर आले. हातात रिकामी बरणी, म्हणजे बोलणी करायला आले होते हे कळलं.

‘छान आहे,’ ते बैलाकडे बघत म्हणाले. ‘पण सभेच्या मानाचा प्रश्न आहे, बाई. दोन शब्द बाकी आहेत.’

‘आणि माझी दोन कामं बाकी आहेत, सर. दिवे आणि कढई.’

ते हसले. मास्तरकी केलेला माणूस, पण भावात कच्चा नव्हता. ‘एका शब्दाला एक काम,’ म्हणाले.

‘पेंड मागे घेतली,’ मी लगेच म्हणाले. तो शब्द तसाही तिथे कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

‘दिवे तुमचे,’ ते म्हणाले. ‘आता दुसरा. यजमानांच्या समोर, सभेत येऊन म्हणा. कढईही तुमचीच. डबेवाल्याला मी सांगतो.’

मला माहीत होतं ती कढई काय आहे. तोंडातून चार शब्द काढायचे होते. नवरा दारात उभा होता. त्याने मान हलवली, म्हणजे म्हणून टाक, मला काही वाटत नाही. त्याला काही वाटत नाही, हेच मला लागलं. आणि ती घंटा आठवली.

मी घाण्याकडे बघितलं. बैलापुढची पाटी रिकामी होती.

‘ते आता मागे घेता येत नाही, सर,’ मी म्हणाले. ‘बैलाने खाल्लं.’

हेडमास्तर बरणी भरून घेऊन गेले. नवमीला दिवे माझ्या तेलाने लागले आणि वडे पामोलिनमध्ये तळले गेले. पुढच्या दोन-तीन वर्षांत गल्लीतल्या कढया एकेक करून तिकडे गेल्या. बाटल्या यायच्या थांबल्या. देवासमोरच्या दिव्यांसाठी मात्र लोक येत राहिले, आणि घाणा त्याच्यावर तगला. शेतातल्या मनोऱ्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

नवमीच्या त्या पंगतीत नवरा माझ्या समोरच्या रांगेत बसला होता. वडा तोडला, तोंडात घातला, आणि वाढणाऱ्याने आणखी हवा का विचारल्यावर अतिशय गोड आवाजात म्हणाला, ‘नको. पोट भरलं.’ पानात वडा अर्धा तसाच होता. एवढं एक मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. घंटा मात्र लवकर वाजली होती.