लोणारच्या चढावर नानाने केळं मागितलं

मी नानाला वाचवलं नाही.

नाना गेल्यावर काल त्याच्या दारावर भेटायला गेलो, तर नानाची मोठी मुलगी आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, "हे आबाकाका. लोणारला पप्पांना यांनीच वाचवलं. यांच्यामुळे पप्पा आम्हाला दोन वर्षं जास्त मिळाले."

दोन बाया तर माझ्या पाया पडल्या.

पाणीही न पिता उठून आलो. बेटा, तू ही पोस्ट वाचशीलच, म्हणून इथेच लिहितो.

आम्ही सकाळी फिरणारे अमळनेरचे सात जण. नाना एसटीतला रिटायर कंडक्टर. मी शिलाई मशीनवर आयुष्य काढलेला. दोन वर्षांपूर्वी ग्रुपमधे ठरलं, एका दिवसात लोणारचं सरोवर करून यायचं. उल्का पडून झालेला तो मोठा खड्डा. काठावरून पायी उतरायचं, पाण्यापाशी कमळजादेवीचं दर्शन घ्यायचं, परत चढायचं.

निघताना वहिनी, म्हणजे नानाची बायको, गाडीपाशी आल्या.

"आबा, तुमच्या भरवशावर पाठवते. शुगर आहे यांना. गोड दिसलं की हात आवरत नाही."

"वहिनी, तुम्ही काळजीच सोडा," मी म्हटलं.

पेपरातले आरोग्याचे लेख वाचून अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस मी. खाऊची पिशवी मीच गळ्यात अडकवली. सावद्याची केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू.

नानाने गाडीत वेळेवर शुगरची गोळी घेतली. नाश्ता पुढे करू, पुढे करू म्हणता राहूनच गेला. पोटात दोन घोट चहा, तोही बिनसाखरेचा. आणि थेट उतरायला लागलो.

उतरताना नाना मजेत. "पुढे सरका, पुढे सरका! मधे गर्दी करू नका!" झाडावरच्या माकडांनाही तिकीट विचारलं त्याने.

दर्शन झालं. चढायला लागलो आणि अर्ध्या वाटेत नाना एकदम गप्प झाला. शर्ट घामाने चिंब. बोटं थरथरत होती.

"आबा, एक केळं दे ना भो."

"गुपचूप चाल. केळामा साखर कितली शे, माहीत शे का?"

"मना पायमा जीव नही रे. चिक्कीना तुकडा तरी दे."

"वहिनीले काय सांगू मी? शुगर शे तुले, समजत नही का?"

त्याने पिशवीत हात घातला.

मी त्याच्या हातावर चापट मारली. आणि पिशवीच्या तोंडाला करकचून गाठ मारली.

सगळे हसले. मीही हसलो.

पन्नास पावलं गेलो असू. नाना खाली बसला. मग कलंडला. डोळे उघडे, पण मला ओळखेना. नुसतं पुटपुटणं.

"ऊन लागलं," कुणीतरी म्हणालं. मी टॉवेल ओला करून त्याच्या डोक्यावर धरला. मोबाईलला रेंज नाही. दोघे जण मदत आणायला वर पळाले. पळाले म्हणजे काय, आमच्या गुडघ्यांनी जेवढं पळता येतं तेवढं.

नानाचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता.

आणि माझ्या मनात काय, तर वहिनींना काय तोंड दाखवू! नानाचा जीव नंतर, माझं तोंड आधी.

तेवढ्यात वरून एक जोडपं आलं. देवीच्या दर्शनाला निघालेलं, बाईच्या हातात झाकलेलं ताट. तिने नानाकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं,

"बाबाले शुगर हाये का? जेवले होते का?"

"शुगर आहे. गोळी घेतलीय. जेवण नाही."

"अवो, मंग बाबाची साखर उतरली! माह्या सासऱ्याचं असंच होते."

तिने ताटावरचं फडकं काढलं. गूळ-खोबरं होतं.

नवरा म्हणाला, "अवं, निवद हाये तो."

"देवी काई उपाशी पडली नाही," ती म्हणाली.

गूळ चुरून थेंबभर पाण्यात कालवला आणि बोटाने नानाच्या गालाच्या आतून लावत राहिली. थोडा थोडा. माझी नजर तिच्या बोटावरून हलेना.

बऱ्याच वेळाने नानाने तिच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे.

"इतला लोके काबरं जमा झायात?"

मी रडायलाच लागलो.

"आता केळं द्या," बाई म्हणाली. माझ्याच्याने ती गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडली.

वर आल्यावर दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

परतताना नाना म्हणाला, "घर मी सांगसू. तू तोंड उघाडू नको."

मला वाटलं, आता हा माझी अब्रू काढणार. हक्कच होता त्याचा.

घरी गेल्यावर म्हणाला, "आबानी गूळ चारा, केळं चारात, म्हनीसन उनू घर." म्हणजे, मीच त्याला वाचवून घरी आणलं.

वहिनींनी मला हात जोडले. आणि मी ते जोडून घेतले.

पुढे एकदा त्याला गाठून विचारलं, असं का रे सांगितलंस?

"खरं सांगतू तर तिनी तुले घरमा येऊ दिधं असतं का? मंग मी सकायमा कोनासंगे फिरतू?"

बेटा, तुझ्या बापाला वाचवलं त्या बाईने. मी तिचं नावही विचारलं नाही. शुगरवाल्याला घाम फुटून हात कापायला लागले आणि त्याने गोड मागितलं, तर देत जा रे सगळे. वाद घालू नका.

पोस्टचं बटण दाबायला धीर होत नाहीये. पण दाबतो.

उद्या सकाळी तुमच्या घरी येतो. वहिनी काय बोलायचं ते बोलोत. ऐकून घेईन.

नाना, तू तोंड उघडू नको म्हणालास, पहिल्यांदाच तुझं ऐकलं नाही... छे, केळं धरून दुसऱ्यांदा.

माफ कर भो. राम राम.