मनोऱ्यावरची बैलजोडी

अल्लीपूरला माझ्या शेजारी हेमराज सुतार राहतो. हळू बोलणं त्याला ठाऊकच नाही. आनंद झाला की आधी ओरडतो, काय झालं ते मागाहून सांगतो. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, मला आरडाओरड्याचा भारी राग. पण त्या दिवशी मीही ओरडले.

पोळा जवळ आला की हेमराजची ओसरी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांनी भरते. चाकांवर चालणारे, सरळ समोर बघणारे. एका पोराला एक बैल. जन्मभर त्याने हेच केलं, आणि देखणं केलं.

यंदा गावाबाहेरच्या जुन्या, कापूस पिंजायच्या जिनातला घड्याळाचा मनोरा दुरुस्तीला निघाला. वर्ध्याहून आर्किटेक्ट पौर्णिमा मॅडम आल्या. त्यांनी मनोरा असा समजावला की इतकी वर्षं मी त्याच्याखालून काय डोळे मिटून जात होते, असं वाटलं! बांधणारा साहेब म्हणे यंत्राच्या मालाला विटलेला होता. दगड इथलाच काळा, चुना इथेच मळलेला, साग इथल्याच सुतारांनी घडवलेला. छिन्नीचे घाव आणि लाकडाचे सांधे मुद्दाम उघडे ठेवलेले, हाताचं काम हातचं दिसावं म्हणून. घड्याळावरच्या छपराचं ओझं सागवानी बैलांच्या खांद्यावर. चारी बाजूंना एकेक जोडी, माना एकमेकांकडे वळवलेल्या.

पूर्वेकडचा एक बैल कुजून गेला होता, बाकीचेही पोखरत आलेले. दुरुस्तीची कमिटी सगळेच फायबरचे करायला निघाली होती. मॅडमनी भांडून मुदत घेतली. हेमराजने पोळ्याच्या आत हा एक बैल बसवून दाखवला, तर सगळे बैल सागाचे आणि त्याच्याच हातचे. नाहीतर फायबर.

"बाई, मले जमते!" हेमराजने सारी आळी जागी केली.

उरलेला जोडीदार समोर ठेवून त्याने हुबेहूब तसाच बैल घडवला. पोळ्याच्या आदल्या सकाळी तो वर चढवून जागेवर धरला, आणि मी खालून पाहिलं. बैल सुंदर होता, पण जोडीदारापासून मान फिरवून उभा होता. डाव्याची नक्कल करून उजवा केलेला, मग दोघांच्या माना एकीकडेच वळणार! जन्मभर एकटे बैल केले, जोडीचा विचार मनातच आला नाही. नवा ओंडका नाही, वेळ नाही. मला रडू येत होतं आणि हेमराजचा कान पिळावासाही वाटत होता.

बाकीच्या जोड्या बघायला तो परांचीवरून पश्चिमेला गेला. तिथून आरोळी आली, "बाई! वर या! लवकर या ना!"

गुडघे विसरून चढले. त्याने जुन्या बैलाची धूळ पुसली होती. मानेभोवती बारीक रेघ, आणि मध्ये सागाची खुंटी.

"त्यानंबी हेच केलतं, बाई! मान कापून फिरवली त्यानं!"

इतक्या वर्षांपूर्वीच्या सुताराची चूक आमच्या हाताखाली होती. मी अशी ओरडले की खालचे लोक धावत आले.

हेमराजने आपल्या बैलाची मान तशीच कापली, खुंटी ठोकली, फिरवून बसवली. दिवस कलताना बैल पुन्हा वर गेला आणि मॅडम आल्या. त्यांचं बोट नेमकं सांध्यावर गेलं.

"हे काय झालं?"

"चुकलो मॅडम. मान उलटी झालती, फिरवली."

"बुजवलं नाहीत, हे फार छान केलंत," त्या हसल्या. "बाकीचे कधी सुरू करता?"

त्या संध्याकाळी खांदमळणी, बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळून उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायची वेळ. वाटी घेऊन हेमराज परांचीवर चढला. नव्या बैलाचा खांदा चोळला, मग पश्चिमेच्या त्या जुन्या बैलापाशी गेला. त्याच्या मानेवरच्या रेघेला बोट लावून, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, त्याने त्या अनोळखी सुताराला सांगितलं,

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."